रामदरसची ओळ

दवाखान्यात मी चौदा वर्षं काढली. पहिली पाच वर्षं झाडू, फरशी आणि पाण्याचे माठ. पुढची नऊ वर्षं कॉम्प्युटर. हे कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग हसतात. म्हणून मी सांगायचं सोडून दिलं.

माझी मुलगी दर दिवाळीला वाचनालयातून अंक आणते. त्यात निवृत्त माणसं आपल्या नोकरीबद्दल लिहितात. कुणी परिचारिका, कुणी पोस्टमन, कुणी एसटीचा ड्रायव्हर. कथा-कविता सोडून मी तेच आधी वाचते. यंदा वाटलं, आपलंही लिहून ठेवावं. माझी शाळा चौथीपर्यंत, अंबाडीच्या पुढच्या एका खेड्यात, आणि चार माणसांत बोलायला मला जमत नाही. म्हणून मुलीच्या जुन्या वहीतल्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

दवाखाना एका ट्रस्टचा, कामतघरच्या बाजूला. फक्त टीबीचा. भिवंडीत जिथे लूम, म्हणजे यंत्रमाग, तिथे टीबी, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. कारखान्यात हवा नसते, सुताची धूळ असते, आणि एका खोलीत दहा माणसं पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच चटईवर रातपाळीवाला आडवा होतो. एकाला खोकला झाला की तो सगळ्यांचा.

औषध सहा-आठ महिन्यांचं. आठवड्यातून तीन दिवस यायचं आणि आमच्यासमोर गोळ्या गिळायच्या. घरी द्यायच्या नाहीत, कारण दोन महिन्यांत माणसाला बरं वाटायला लागतं आणि तो गोळ्या सोडतो. सोडल्या की आजार परत येतो, आणि आमच्या मॅडम म्हणायच्या तसं, शिकून परत येतो. मग साध्या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. मॅडम म्हणजे डॉक्टरीणबाई. त्यांचं सगळं भांडण या सोडून देण्याशी होतं. कुणी एक दिवस आला नाही की दुसऱ्या दिवशी भोईर भाऊ सायकल घेऊन त्याच्या खोलीवर हजर. भोईर भाऊ आमच्याच बाजूचे, बोलायला रांगडे. "मी दार चुकवला असा एक मानूस दाखवा," असं ते सगळ्यांना ऐकवायचे, आणि ते खरं होतं.

प्रत्येक पेशंटचा औषधाचा वेगळा खोका असायचा, त्यावर त्याचं नाव. मॅडम कागदावर इंग्रजीत नाव लिहायच्या, मी ते बघून खोक्यावर काढायची. मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी मी रेघा मोजायची आणि तशाच काढायची. ही खोक्यांवरची नावं बघूनच मोमीन मास्तरांनी मला धरलं.

मोमीन मास्तर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. मास्तर नुसतं म्हणायचं, शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. खात्यात बिलांची मशीनं त्यांनी सांभाळली होती. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला कुणीतरी दवाखान्याला जुना कॉम्प्युटर दान दिला, आणि मास्तर रोज सकाळी तो चालवायला म्हणून यायला लागले. त्याला माऊस नव्हता. चित्रं नव्हती. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, एवढंच. मास्तरांनी त्यात पेशंटांची यादी केली. एका माणसाला एक ओळ. त्यात नंबर, नाव, खोलीचा पत्ता, शेवटचा आला तो दिवस. ओळीच्या शेवटी एक जागा मोकळी, औषध संपलं की तिथे एक अक्षर घालायचं. बरा झाला तर सी. मुलखाला निघून गेला तर एम. वारला तर डी. आमच्याकडचे कामगार यूपी-बिहारचे, घरी गेले की कधी येतील याचा नेम नाही, म्हणून ते एम अक्षर मॅडमनी मुद्दाम ठरवलं होतं. दुपारी बारा वाजता यादीतून न आलेल्यांची नावं आणि पत्ते छापून निघायचे आणि भोईर भाऊंच्या हातात जायचे.

यादी भरणारी मुलगी लग्न होऊन गेली. मास्तर मॅडमना म्हणाले, "सुगंधाबाईला बसवा."

मी बादलीसकट दारात उभी होते. मॅडम म्हणाल्या, "तिला एबीसीडी येत नाही मास्तर."

"मशीनला कुठे येते?" मास्तर म्हणाले. "बाई नक्कल बरोबर करते. मला तेवढंच हवंय."

मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

पहिल्या दिवशी मी खुर्चीच्या टोकावर बसले. मास्तरांनी समोर एक नाव ठेवलं आणि म्हणाले, बघून दाबा. मी एक-एक बटण शोधून दाबलं. पडद्यावर नाव उमटायच्या ऐवजी यंत्र टुणटुण वाजायला लागलं, दोन ओळी नाहीशा झाल्या, आणि ती चमकणारी चौकोनी खूण कुठेतरी खाली पळाली. मी उठून मागच्या मोरीत गेले आणि माठ घासत बसले. मास्तर तिथे आले.

"बाई, कुछ नहीं बिगड़ा. बाहर खड़ी होके बोल रही थीं आप, इसलिए."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही कुणाला शिकवू शकेन. ते म्हणाले, यादी म्हणजे एक खोली आहे. तुम्ही दाराबाहेर उभ्या असाल तर प्रत्येक बटण हुकूम आहे. एक्स दाबला की एक अक्षर पुसलं जातं. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ जाते. जे दाबला की एक ओळ खाली. तुम्ही नाव लिहायला गेलात आणि मशीनला वाटलं, बाई हुकूम सोडते आहे. आधी आय दाबायचा, म्हणजे आत गेलात. आता प्रत्येक बटण नुसतं अक्षर. काम झालं की कोपऱ्यातलं एस्केप, म्हणजे बाहेर. जाताना दोन टिंबं, डब्ल्यू, क्यू. डब्ल्यू म्हणजे ठेव, क्यू म्हणजे निघते.

"आणि घोटाळा झाला तर?" मी विचारलं. त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य असावं.

"डर लगे तो एस्केप. फिर दो बिंदी, क्यू, और ये खड़ा डंडा-बिंदी. मशीन समजेगी आप आई ही नहीं थीं. जैसा था वैसा."

डंडा-बिंदी म्हणजे आपलं उद्गारचिन्ह. हे मला फार आवडलं. आपण आलोच नव्हतो असं करून टाकणारं बटण. बाकीचं शिकायला मला दोन महिने लागले. हे मी त्या दिवशी घरी जाताना बोटांवर म्हणत गेले.

अक्षरं मी बटणांवरूनच शिकले. त्यामुळे एबीसीडी क्रमाने मला अजूनही म्हणता येत नाही. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी असं म्हटलं की सगळी येतात. एक अडचण मात्र मोठी होती. बटणावर अक्षर मोठ्या लिपीतलं आणि पडद्यावर उमटायचं ते छोट्या. ए दाबला की भलतंच काहीतरी गोल दिसायचं. मला वाटायचं चुकलं. मास्तरांनी मग कॅप्सचं बटण दाखवलं. ते दाबलं की वर हिरवा दिवा लागतो आणि बटणावर आहे तसंच अक्षर पडद्यावर येतं. "पण बाहेर आलात की दिवा विझवा," ते बजावायचे. "बाहर छोटे और बड़े अक्षर का हुकूम अलग है. छोटा जे खाली नेतो. बडा जे खालची ओळ उचलून वरच्या ओळीला जोडतो."

हे त्यांनी दहा वेळा सांगितलं असेल.

मी शिकले. सहा महिन्यांनी मास्तर नुसते पेपर वाचत बसायचे. पेशंट माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसायचे आणि मला मान वर करावी लागायची नाही, कारण मी पडद्याकडे बघायची. मला ते बरं वाटायचं. गणेशपुरीकडून एक म्हातारी कातकरीण यायची. "नाव नको घालू बाय, डब्यात कोंडल्यावानी हुतंय," म्हणायची. एके दिवशी मी तिला तिची ओळ दाखवली. तिने पडद्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि म्हणाली, "हितं मी हाय? मंग मी मेली तरी हितं ऱ्हाईन का?" मी म्हटलं, औषध पूर्ण कर, मग कशाला मरशील. ती बरी झाली. तिच्या ओळीच्या शेवटी मी सी घातला तेव्हा मला वाटलं की मी काहीतरी काम करते.

एकदा एक शेठ आला. त्याचे पन्नास-साठ लूम असतील. मॅडम बाहेर होत्या, मास्तर नमाजाला गेले होते. तो थेट माझ्या मागे येऊन उभा राहिला. "मेरे कारखाने के कौन-कौन हैं इसमें, ज़रा दिखाना." यादी उघडीच होती. त्याच्याकडची सात-आठ माणसं औषधावर होती आणि कुणाला टीबी आहे हे कळलं की तो त्याला दुसऱ्या दिवशी काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी एस्केप दाबलं, दोन टिंबं, क्यू, डंडा-बिंदी. पडदा काळा झाला. कोपऱ्यात नुसती एक खूण चमकत राहिली.

"क्या हुआ?"

"बंद पडला," मी म्हटलं.

"अरे चालू करो ना."

"मला झाडू मारायला ठेवलंय," मी म्हटलं आणि झाडू घेतला. तो जरा थांबला आणि गेला. मास्तरांनी हे ऐकलं तेव्हा हसून त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. माझ्या नोकरीत माझं कौतुक झालं ते त्या चार दिवसांत. आणि त्यानंतर ते बटण माझ्या बोटात बसलं. जरा काही झालं की मी तेच दाबायची.

आता रामदरस.

तो आझमगढच्या बाजूचा. वय पस्तिशीचं असेल. लूमवर काम करणाऱ्यांचे कान बधिर होतात, म्हणून तो मोठ्याने बोलायचा आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जायचं. मला मौसी म्हणायचा. एकदा तो आला नाही, तर दुसऱ्या दिवशी भोईर भाऊ त्याच्या शांतीनगरच्या खोलीवर गेले आणि त्याला सायकलवर डबलसीट घालून घेऊन आले. त्याला त्याची केवढी गंमत वाटली होती. "हमारी शादी में भी कोई लेने नहीं आया था," म्हणाला. "मौसी, आपका भोईर तो ससुराल वालों से अच्छा है."

चौथा महिना चालू असताना एके दिवशी स्टुलावर बसून म्हणाला, "मौसी, लिख लो, खोली बदल रहा हूँ. नारपोली में नया कारखाना पकड़ा है. ऊपर माले पे सोऊँगा."

त्याने पत्ता सांगितला. आमच्याकडचे पत्ते म्हणजे घर नंबर नव्हे. कुणाचा कारखाना, कुठली मशीद किंवा देऊळ जवळ, आणि तो कुठल्या बिसीत जेवतो. कामगारांच्या खाणावळीला इथे बिसी म्हणतात. मी जुना पत्ता एक्स दाबून दाबून पुसला, आय दाबून आत गेले, दिवा लावला, आणि नवा पत्ता लिहिला. मला तो लिहिता आला याचा आनंद झाला, कारण आता मला कागदावरून नक्कल करावी लागत नव्हती, ऐकून लिहिता येत होतं.

"पढ़ के सुनाओ," तो म्हणाला.

मी वाचून दाखवला. आजूबाजूचे पाच-सहा जण ऐकत होते. मी घाबरले नाही.

"वाह. अब तो पुलिस भी ढूँढ लेगी," तो म्हणाला, गोळ्या गिळल्या आणि गेला.

पुढच्या पेशंटची ओळ खाली होती. मी एस्केप दाबून बाहेर आले आणि खाली जायला जे दाबला. चार वेळा भराभर. दिवा विझवायचा राहिला होता. खालची ओळ उडून वरच्या ओळीला चिकटली. मग त्याच्या खालची. रामदरस, त्याच्याखालची चार माणसं, सगळ्यांचे नंबर, खोल्या, तारखा, एकाच दोरीत ओवल्यासारखे. समोर लोक उभे होते. तेवढ्यात रांगेतल्या एका बाईच्या मुलाने फरशीवर ओकारी केली आणि मॅडमनी आतून हाक मारली, "सुगंधा, फडकं आण."

मी दिवा विझवला आणि माझ्या बोटांनी आपोआप तेच केलं. दोन टिंबं, क्यू, डंडा-बिंदी. मग फरशी पुसायला गेले.

यादी परत उघडली तेव्हा सगळ्या ओळी सरळ होत्या, आणि मला हुश्श वाटलं. रामदरसचा पत्ता मात्र पुन्हा शांतीनगरचा झाला होता. आपण आलोच नव्हतो असं झालं की आपण केलेलंही झालं नव्हतं असं होतं, हे मला माहीत होतं. पण ते त्या क्षणी सुचलं नव्हतं. पुष्कळ नंतर, मी सगळं सांगितलं तेव्हा, मास्तर म्हणाले, बाई, एक यू असतो. तो दाबला की फक्त शेवटची चूक मागे जाते. चार वेळा यू दाबला असता तर पत्ता राहिला असता. यू त्यांनी मला शिकवलाही होता.

तरी अजून काही बिघडलं नव्हतं. दोन दिवसांनी तो परत आला. पत्ता परत विचारायचा, एवढंच करायचं होतं. मला अर्धामुर्धा आठवत होता, चिंचेच्या झाडाची बिसी एवढं आठवत होतं, कारखान्याचं नाव आठवत नव्हतं. पण खोली भरलेली होती, तो मोठ्याने बोलणार, "मौसी, अभी तो पढ़ के सुनाया था," आणि सगळे माझ्याकडे बघणार. मी म्हटलं, पुढच्या वेळी विचारू, गर्दी कमी असताना. पुढच्या वेळी मॅडम बाजूलाच बसल्या होत्या. त्याच्या पुढच्या वेळी तो आला नाही.

दुपारी बाराचा कागद मीच छापला. त्यावर त्याचं नाव होतं आणि पुढे शांतीनगर. अक्षरं वाचायचीही गरज नव्हती, लांबीवरूनच कळलं. भोईर भाऊ हात पुढे करून उभे होते. त्या दिवशी ट्रस्टची माणसं आली होती, मॅडम त्यांना कॉम्प्युटर दाखवत होत्या, आणि म्हणत होत्या, या आमच्या सुगंधाबाई, चौथी शिकलेल्या, आता सगळी यादी याच सांभाळतात. मी कागद भोईर भाऊंच्या हातात दिला. मनात म्हटलं, ते आजूबाजूला विचारतील, कुणी तरी सांगेल.

दुसऱ्या दिवशी भोईर भाऊ म्हणाले, "गेला तो मुलखाला. त्याचे खोलीन दुसराच मानूस हाय. बोलतो, सामान उचलून गेला."

आठवडाभर वाट बघून मॅडम म्हणाल्या, एम घाल. मी रामदरसच्या ओळीच्या शेवटी गेले आणि एम घातला. डब्ल्यू दाबून ठेवला. तेव्हा काही घोटाळा झाला नाही. सगळं बरोबर दाबलं गेलं.

मी स्वतःला सांगत राहिले की तो खरंच गेला असेल. माणसं जातात. पण यादी उघडली की माझी नजर त्या ओळीवर जायची, आणि पाचव्या आठवड्यात एका रविवारी मी घरी बाजारात जाते असं सांगून नारपोलीला गेले. चिंचेच्या झाडाची बिसी विचारत फिरले. माझ्यासाठी ते फार कठीण होतं, अनोळखी पुरुषांना थांबवून विचारणं. बिसीवाली म्हणाली, "वो खोकलेवाला? समोर माले पे. खाना ऊपर भेजती हूँ, आधा वापस आता है."

खाली लूम चालू होते. ज्याने लूमचा आवाज ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही, छातीच्या आत कुणी ठोकतं आहे असं वाटतं. लोखंडी शिडीवरून वर गेले. माळ्यावर सरळ उभं राहता येत नव्हतं. सुताच्या गोण्यांच्या मधे तो पडला होता. मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते, तेव्हा ओरडले. त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसला, आणि शिडीकडे बघितलं. माझ्यामागून कुणी येतंय का ते बघत होता.

"भोईर भइया नहीं आए?" म्हणाला.

नव्या कारखान्यात सुट्टी मिळेना म्हणून त्याने दोन-तीन वेळा चुकवलं. मग ताप आला. त्याला वाटलं भोईर येईलच, मागे आला होता तसा. तो वाट बघत पडून राहिला. आठ-दहा दिवसांनी त्याला वाटलं, आपलं नाव कापलं असेल, आता गेलो तर हाकलून देतील. हे सगळं त्याने मला रिक्षात सांगितलं, थांबत थांबत.

मॅडमनी औषध परत चालू केलं. महिना गेला, दीड महिना गेला, थुंकी तपासली, फरक नाही. आजार शिकला होता. मॅडमनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. तो कसा सापडला, हे मी एवढंच सांगितलं होतं की बिसीवालीकडून कळलं. खरं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो ज्या सकाळी जायचा होता, मुलखाहून आलेला त्याचा भाऊ गाडी बघायला बाहेर गेला आणि आम्ही दोघंच बाकावर होतो. मी ठरवून त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "रामदरस, तुझा पत्ता मी लिहिला होता, पण तो ठेवला नाही. माझ्या हातून गेला. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं, मोठ्याने, हिंदीत.

"नहीं मौसी," तो म्हणाला. "हम देखे थे. सफेद-सफेद लिखा था. आप पढ़ के सुनाई थीं."

"ते पुसलं गेलं."

"मशीन में लिखा हुआ कैसे मिटेगा?" त्याला दम लागला, तो थांबला. मग हळू म्हणाला, "आप भोईर भइया का पाप अपने सिर ले रही हैं. वो आलस कर गए. कोई बात नहीं. आदमी थक जाता है. उनको बोलना, हम नाराज़ नहीं हैं."

मी नाही नाही म्हणत होते. त्याचा भाऊ आला. रामदरसला उचलून गाडीत बसवायला दोघं लागले.

त्याचा निरोप मी भोईर भाऊंना दिला नाही. निरोपाच्या आधी दुसरं सांगायला हवं होतं. ते मी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ग़लती मेरी भी है. मैंने आपको पहले भागना सिखाया, रखना बाद में." ते चांगले होते म्हणून असं म्हणाले. मग मी बाहेर गेले. भोईर भाऊ सायकलची चेन चढवत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते चेन धरून ऐकत राहिले.

"मंग कागुद माझे हातान देला तवा का नाय बोललीस?" त्यांनी विचारलं. "मी समोरच उभा होतो."



"चार पावलं होती गो," ते म्हणाले. "मी इचारला असता नारपोलीला जाऊन. मला काय लागला असता?"

त्यांनी चेन चढवली, काळे हात पायजम्याला पुसले आणि गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे. रोज बाराचा कागद हातात घेतला की माझ्यासमोर एकेक पत्ता वाचायचे आणि विचारायचे, "ह्यो बरोबर हाय ना? ह्यो?" मी प्रत्येकाला हो म्हणायची. चार वर्षं, ते दवाखाना सोडून जाईपर्यंत, तसंच चाललं. त्यात त्यांना टोचायचं होतं की सांभाळायचं होतं, मला कधी कळलं नाही.

मुंबईहून कागद आला त्या दिवशी मॅडम यादीपाशी आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "सुगंधा, ते रामदरसचं बदलून टाक."

मी त्याचं नाव शोधलं, दिवा विझवला, तो विझला आहे का ते परत बघितलं. ओळीच्या शेवटी गेले. तिथे मी घातलेला एम होता. एकच अक्षर बदलायचं असेल तर खोलीच्या आत शिरावं लागत नाही. दाराबाहेर उभं राहून आर दाबायचा आणि नवं अक्षर. मी आर दाबला. शिफ्ट धरून डी दाबला. पत्ता तसाच होता, शांतीनगरचा. तोही बदलावा असं वाटलं, नारपोली, चिंचेची बिसी, समोर माळ्यावर. आता मला पूर्ण पाठ होता.

पण यादीत तो पत्ता आता कुणाला लागणार नव्हता. मी दोन टिंबं, डब्ल्यू दाबला, आणि पडद्याच्या खालच्या कडेला ‘ठेवलं’ असं लिहून येईपर्यंत थांबले. मग पुढच्या पेशंटला म्हटलं, बसा.